क्लिप हलवा, चित्र फुटू न देता

पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेचे चित्रीकरण प्रीमिअरमधून आफ्टर इफेक्ट्समध्ये नेऊन परत आणले की फुटते, असे मानोऱ्याचे एक वाचक कळवतात.

दोष बहुधा मधल्या एच.264 फाइलचा. दर एक्स्पोर्टला ती तपशील गाळते. बंजारा ओढणीवरच्या बारीक आरशांचे तर डागच होतात!

दोन्ही सॉफ्टवेअर अडोबीचीच असल्याने डायनॅमिक लिंक वापरावी, म्हणजे मधली फाइलच लागत नाही. त्याने संगणक अडखळत असेल तर मधल्या फाइलसाठी प्रोरेस 422 एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स निवडावे. पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर प्रोरेस 4444. जागा मात्र भरपूर लागते: फुल एचडीत, 25 फ्रेमला, 422 एचक्यूचे एक मिनिट सुमारे 1.4 जीबी.

फ्रेम रेट दोन्हीकडे सारखाच ठेवावा. मोबाइलवर पाठवायची एच.264 प्रत सगळे काम झाल्यावर एकदाच काढावी.