गणवेषाचे चित्र : कला आणि पुरावा

दर वर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करून परतताना आपण पुस्तकांबरोबर एखादी तसबीरही विकत घेतो. अशी एक माझ्याही घरी आहे. अंगात खाकी कोट, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, डोक्यावर फेटा, हातात रायफल आणि खाली छापलेले : '१ जानेवारी १८१८'. चित्र सुबक आहे. शिपायाच्या नजरेत करारीपणा आहे. पण १८१८ साली असा पोशाख नव्हता.

कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली लढलेली पलटण मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती. कंपनी सरकारच्या पायदळाचा कोट तेव्हा लाल असे. छातीवर दोन पांढरे पट्टे एकमेकांना छेदून जात. एकाला काडतुसांची पेटी, दुसऱ्याला संगीन. बंदूक ठासणीची, चकमकीच्या दगडावर पेटणारी. खाकी रंग फौजेत आला तो १८४६ साली उभारलेल्या गाइड्स पलटणीपासून, तोही दूर पेशावरकडे. पायाच्या पट्ट्या तर त्याहूनही पुढच्या.

हे आपल्याला कळते कशावरून? सरकारी हुकुमांत पोशाख कसा असावा ते सापडते. तो प्रत्यक्षात कसा होता हे पुष्कळदा चित्रच सांगते. कॅमेरा येण्यापूर्वी दुसरे साधन नव्हते. म्हणून गणवेषाच्या चित्राकडे कलाकृती म्हणून पाहावे, तसे दस्तऐवज म्हणूनही पाहावे. आम्ही बँकेत चेकवरची सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहतो, तसेच हे काम आहे. सही कितीही वळणदार असली तरी जुळली पाहिजे.

पहिला प्रश्न असा की, चित्रकाराने तो माणूस डोळ्यांनी पाहिला होता का? १८१५ ते १८१९ च्या दरम्यान दिल्लीच्या परिसरात विल्यम आणि जेम्स फ्रेझर या बंधूंनी हिंदी चित्रकारांकडून एक संग्रह करवून घेतला. विल्यम फ्रेझर हा स्किनरच्या घोडदळात अधिकारी होता. या चित्रांत खेड्यातून भरतीला आलेले जवान आपापल्या साध्या कपड्यांत उभे आहेत, तर पलटणीतले स्वार पिवळ्या कोटात. कोणाचा चेहरा थकलेला, कोणाचा ऐटबाज; कित्येकांची नावेही लिहिलेली. कोरेगावच्याच काळातली ही चित्रे आहेत. ती पाहताना मला आनंद होतो आणि थोडा हेवाही वाटतो. कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची 'नाक' प्रत्यय असलेली नावे कोरलेली आहेत, पण त्यांतल्या एकाचाही समोर उभा करून काढलेला चेहरा माझ्या पाहण्यात आलेला नाही.

दुसरा प्रश्न, चित्र आले कुठून? व्हिंखाउझेन नावाच्या डच डॉक्टरने देशोदेशीच्या गणवेषांची ३२ हजारांवर चित्रे जमवली. १९११ पासून ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. संग्रह अफाट, पण गृहस्थाने कित्येक चित्रे पुस्तकांतून कापून वह्यांत चिकटवली. पुस्तकातून चित्र कापले की त्याचे साल, लेखक आणि मजकूर मागेच राहतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर ब्लेड चालवणाऱ्या आपल्या काही विद्यार्थी मित्रांनीही याचा विचार करावा.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : चित्रात कोणाला जागा मिळाली? १९११ साली लंडनला 'द आर्मीज ऑफ इंडिया' हे पुस्तक निघाले. चित्रे मेजर लव्हेट यांची, मजकूर मेजर मॅकमन यांचा. रंगीत पानांची संख्या ७२. कापडाची घडी, फेट्याची बांधणी, दाढीची ठेवण, सगळे इतक्या बारकाईने रंगवले आहे की पान उलटवत नाही. पण प्रस्तावना आहे लॉर्ड रॉबर्ट्स यांची. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या, अशी विभागणी फौजेत रुजवणारे हेच सेनापती. त्याच धोरणाने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९१० साली, शिवराम जानबा कांबळे यांनी लष्कराचे आणि पोलिसांचे दार उघडावे म्हणून विलायतेला अर्ज केला होता. ज्यांना भरतीच नाही, त्यांच्यातला तरुण शिपाई चित्रकारासमोर उभा राहणार कसा? तेव्हा पुस्तकात अमुक जात दिसत नाही म्हणजे ती फौजेत कधी नव्हतीच, असा अर्थ कोणी काढला तर तो आपण मान्य करू नये.

भरती पुन्हा सुरू झाली आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो काढून तिथे कट्यार आली. गणवेषावरचा एवढासा धातूचा तुकडा, पण तोही वाचता येतो.

घरातली तसबीर मी उतरवलेली नाही. खाकी, पट्ट्या, रायफल हे सगळे १९१७ च्या शिपायाला शोभण्यासारखे आहे. मागच्या पुठ्ठ्यावर मात्र पेनाने लिहून ठेवले आहे : 'कल्पनाचित्र. पोशाख शंभर वर्षांनंतरचा.' माझ्या मुलाने आता लाल कोटातला शिपाई काढायला घेतला आहे. बंदुकीचा चाप कसा असतो, यावर तो अडला आहे.