वर्गणी, विसार आणि खेळ

अनेकांच्या अल्प द्रव्यातून मोठे कार्य उभारण्याची रीत आपणांस नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. आज संगणकावरील खेळही लोकवर्गणीतून निर्माण होतात. क्रिस रॉबर्ट्स यांनी २०१२ मध्ये ‘स्टार सिटिझन’साठी वर्गणी मागितली, खेळातील कित्येक अवकाशयाने तर तयार होण्यापूर्वीच शेकडो डॉलरांना विकली. २०२२ पर्यंत ५० कोटी डॉलर जमले. खेळ मात्र अपुराच होता. असा वर्गणीदार भागीदार नव्हे. नफ्यात त्यास वाटा नसतो. म्हणून चिंताकीच्या व्यापारी बंधूंनी मुलांच्या हट्टास्तव रक्कम देण्यापूर्वी विसाराचीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते : माल केव्हा, हिशेब कोठे, परतावा कसा?