त्या ओळीपाशी तू थांबलास

शेंडी, भंडारदरा

चि. बाळ यास,


दिवाळीत ओटीवर बसून तू मला लिंक्ड लिस्ट उलटवण्याचा प्रोग्रॅम दाखवलास. चालत होता, नीटनेटकाही होता. मी एवढंच विचारलं, की दुवा फिरवायच्या आधी पुढच्या नोडचा पत्ता वेगळा का ठेवलाय? तू गप्प झालास. मग म्हणालास, "मामा, चॅटजीपीटीनं दिलाय. सगळेच तसं करतात." घरात पाहुणे होते म्हणून बोललो नाही, पण ते मनातून जात नाही.

पॉलिटेक्निकमध्ये सी शिकवताना मी नकला पुष्कळ पाहिल्या. मागच्या बॅचची जर्नलं उतरवून मुलं सबमिशन करायची. तेही चूकच. पण हातानं टाइप करताना एखादा अर्धविराम राहायचा, कंपायलर अडवायचा, आणि तो शोधता शोधता काहीतरी पदरात पडायचं. तुझ्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तो पत्ता आधी जपला नाही तर उरलेली साखळी हातातून सुटते, हे एकदा स्वतः चुकून, प्रोग्रॅम कोसळलेला पाहूनच अंगात भिनतं.

आपलं भंडारदरा धरणच घे. 82 मीटर उंचीची दगडी भिंत, 1926 साली पुरी झालेली. 1969 मध्ये तिला तडे गेलेले दिसले. बांधून चार दशकं उलटली होती. दगडी बांधकाम भार कसं पेलतं आणि पाणी त्याला कसं रेटतं, हे कळणारी माणसं होती, म्हणून तिला मागून आधार देऊन ती मजबूत करता आली. खालच्या गावांची झोप त्या जाणकारीवर उभी आहे. उद्या एखाद्या इस्पितळाचं सॉफ्टवेअर मध्यरात्री अडेल आणि फोन तुला येईल. तेव्हा दुसऱ्याच्या ओळी वाचून चूक हुडकायची सवय तुला कुठून येणार?

मशीनला हातच लावू नकोस, असं मी म्हणत नाही. एरर कळली नाही तर तिचा अर्थ विचार, कोड मागू नकोस. त्याआधी कागदावर चौकोन-बाण काढून ड्राय रन कर. मदत घेतलीस तर सरांना स्वतःहून सांग. त्यांनी मनाई केली असेल तर तिथे ती घेऊच नकोस. मार्क कमी पडले तर तुझ्या आईला मी समजावीन.

मे अखेरीस काजवे बघायला येशीलच. ती लिंक्ड लिस्टची असाइनमेंट नव्याने, स्वतः लिहून आण. अर्धवट असली तरी चालेल, उरलेले बाण आपण ओटीवर बसून काढू.

तुझा,
मामा