चहातली पुडी

अंबड,
गुरुवार

चि. सोनूस,


परवा अंगारकीला राजूरला गेले होते. रांगेत तुझ्या गल्लीतल्या त्या दोघी जावा भेटल्या. धाकटी कानाशी लागून म्हणाली, की तू कुणा बाबाकडून दारू सोडवायची पुडी आणलीस आणि जावईबापूंच्या चहात टाकतेस. "कुणाला सांगू नका बरं," हेही वर सांगून झालं. गणपतीपुढे हात जोडले तरी डोक्यात ती पुडीच. घरी आल्या आल्या तुला फोन लावला, तर "सगळं ठीक आहे मावशी" म्हणालीस आणि कुकरचं निमित्त करून ठेवून दिलास. तुझं 'ठीक आहे' मला कळतं गं. तुझ्या आईचं, आक्काचंही असंच असायचं. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आधी एक कर. ती पुडी टाकणं आजपासून बंद. पण फेकूही नकोस, डॉक्टरांना दाखवायची आहे. त्यात काय कुटून घातलंय हे विकणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. कधी नुसता झाडपाला असतो, कधी डायसल्फिराम नावाचं खरंखुरं औषध असतं. ते औषध डॉक्टरही देतात, नाही असं नाही. पण पिणाऱ्याला समोर बसवून, त्याची तयारी असेल तर, तपासण्या करून देतात. कारण ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब झपकन खाली येतो. हृदय अधू असेल तर माणूस हातचा जातो. आपण औषधावर आहोत हे ज्याला माहीत असतं, तो त्या भीतीनं दारूपासून लांब राहतो. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी ढाब्यावर बसणारच. तिथं कोसळले तर सोबतचे म्हणतील, आज जरा जास्त झाली. तोंडावर पाणी मारतील आणि बाजेवर निजवतील. पुडीचं तिथं कोण सांगणार? ते तुला माहीत, आणि तू घरी. सोनू, तू बी.एस्सी. झालेली पोर. तुला हे सुचलं तरी कसं?

आणि समजा काहीच झालं नाही, नुसतं त्यांना कळलं, तरी काय होईल? तुझ्या हातचा चहा त्यांना कधी गोड लागेल का? "बायको अन्नात कालवते" म्हणून चारचौघांत सांगतील, आणि घरी न जेवता बाहेर बसायला आयतं कारण मिळेल.

जावईबापू वाईट नाहीत हे मी कधीही, कुणापुढेही सांगेन. आक्काच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसले होते ते. पण बियाण्याच्या धंद्यातली नोकरी, सीझनआधीच्या डीलरच्या बैठका, बैठकीनंतर संभाजीनगर रोडचे ढाबे. जालना बियाण्याचं गाव, तिथं हे घरोघरी चालतं म्हणून आपण सगळ्यांनी डोळेझाक केली. आता सकाळी उठल्यावर त्यांचे हात थरथरतात, असं दिवाळीत तूच म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. ते थरथरणं माझ्या मनातून गेलेलं नाही. का, ते सांगते. हे मी तुझ्या आईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

तुला काका आठवतात ते मोसंबीची पिशवी घेऊन येणारे, तुझ्या वह्यांना कव्हरं घालून देणारे. त्याआधीचे काका तू पाहिले नाहीस. माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी माझ्यापुढे शपथ घेतली. ती मोडली. मग मोडल्याची शरम, आणि शरम बुडवायला आणखी दारू. शेवटी भावकीतल्या शहाण्यांनी ठरवलं, कोंडून घाला, तीन दिवसांत उतरते. जुन्या वाड्यात माळवदाची ती आतली खोली होती बघ, पुढं धान्याची कोठी झाली ती. त्यात त्यांना घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

पहिल्या दिवशी नुसता घाम. बशीत कप धरवेना, सारखा खडखड वाजायचा. तिसऱ्या रात्री कंदील घेऊन आत गेले तर ते गोधडीवरून काहीतरी वेचत होते. एक एक उचलायचे, भिंतीकडे फेकायचे. "मुंग्या आहेत गं, लेकराला चावतील," म्हणाले. गोधडीवर काही नव्हतं. मग माझ्याकडे बघून मला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारली, आणि पाठोपाठ झटका आला. दातखीळ बसली. दूधवाल्याच्या जीपमधून औरंगाबादला घाटीत नेलं, तेव्हा कुठं वाचले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होतं, आणि यात माणसं मरतात. शरीराला त्या दारूची सवय झालेली असते. ती सोडवायची तर काही दिवस औषध देऊन, ते रोज थोडं थोडं कमी करत न्यावं लागतं. जोडीला बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली.

ती किल्ली मी पुढं कितीतरी वर्षं कमरेला लावू शकले नाही.

म्हणून सांगते. उद्या ते स्वतः जरी म्हणाले, "आजपासून थेंब घेणार नाही," तरी आनंदानं पेढे वाटत बसू नकोस. ज्यांचे हात सकाळी थरथरतात त्यांनी घरच्या घरी सोडायची नसते. आधी सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात त्यांना दाखव. पुडी बरोबर घेऊन जा आणि किती दिवस दिलीस तेही खरं सांग. डॉक्टर रागावतील, रागावू दे.

तू हे का केलंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुला वाटतं, सगळं आपल्या हातात आहे. आपण जरा जास्त प्रेम केलं, जरा कमी बोललो, स्वयंपाक त्यांच्या आवडीचा केला, की सुटेल. मलाही तसंच वाटायचं. डी.एड.ला असताना गॅदरिंगमध्ये आम्ही 'एकच प्याला'तला प्रवेश केला होता आणि सिंधू मी होते. नाटक कुठं, कधी झालं हे सगळं तोंडपाठ होतं. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले, फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व मंडळीनं पहिला प्रयोग केला, सिंधू बालगंधर्वांची. आमच्या प्रवेशाला बायका डोळ्यांना पदर लावून रडल्या. बाई म्हणाल्या, अशी पतिव्रता व्हावी. आणि मी तेच घेऊन सासरी गेले. आज वाटतं, गडकऱ्यांनी तर शोकांतिका लिहिली होती. नवरा दारूत बुडत असताना सिंधू भावाची मदत घेत नाही, दळण दळून दिवस काढते. तिचं तान्हं लेकरू जातं, ती जाते, आणि मरता मरता पोलिसापुढे नवऱ्याचा गुन्हासुद्धा स्वतःवर घेते. शेवटी वाचतं कोण? तिचा नवरा सुधाकरही वाचत नाही. तिच्या त्या लपवण्यानं एकही जीव वाचला नाही, आणि आम्हाला शिकवलं ते मात्र लपवणंच. काकांच्या रजेचे अर्ज मीच लिहायची, 'पोटदुखीमुळे'. अक्षर चांगलं होतं ना माझं. वाण्याची उधारी मी भागवायची, सासूबाईंना सांगायची की दौऱ्यावर गेलेत. तरुणपण त्या अर्जांत गेलं. पुढं शिकायचं होतं मला, बी.ए.चा फॉर्म भरलेला तसाच राहिला. वाईट वाटतं ते या सगळ्याचं.

आणि आता तूही तेच करतेस. त्यांच्या साहेबाला 'ताप आहे' म्हणून फोन कोण करतं? तूच ना? बारवाल्याची उधारी मागच्या महिन्यात कुणी फेडली? तुझ्या हातातली पाटली दिसली नाही मला दिवाळीत. विचारलं नाही, पण दिसलं. हे थांबव. यात त्यांना शिक्षा करायची नाही. पडले तर उचल, जेवायला वाढ, दवाखान्यात ने. पण त्यांच्या दारूचं बिल आणि त्यांची थाप, या दोन गोष्टी त्यांच्या त्यांना निस्तरू दे. आपण निस्तरत गेलो तर त्यांना कळायला जागाच उरत नाही.

बोलायचं ते सकाळी बोल. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नकोस, दुसऱ्या दिवशी त्यातलं त्यांना काही आठवत नाही आणि तुला सगळं आठवत राहतं. "तुम्ही असेच, तुम्ही तसेच" म्हणू नकोस. काय घडलं तेवढं सांग. मागं एकदा छकुली गाडीच्या स्टँडच्या आवाजावरून ओळखते म्हणालीस ना, की आज बाबांजवळ जायचं की अभ्यासाला बसल्याचं दाखवायचं? तेच त्यांना सांग, आवाज न चढवता. काकांना शेवटी लागलं ते असंच काहीतरी, माझं रडणं कधी लागलं नाही.

काका सुधारले ते पुण्याला, येरवड्याच्या मुक्तांगणात. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु.ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं सुरू केलेलं ते केंद्र. पाच आठवडे तिथं राहावं लागतं. पण मला तिथं जे मिळालं ते त्यांच्याइतकंच मोठं होतं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथं सहचरी नावाचा गट आहे. मी पहिल्यांदा बसले तेव्हा शेजारची बाई, कुठल्या कुठल्या गावची, माझीच गोष्ट सांगत होती. तिनंही अर्ज लिहिले होते! ही दारू मी लावलेली नाही, माझ्या रडण्यानं ती थांबणार नाही आणि ती बरी करणं माझं काम नाही, हे मला तिथं बसून कळलं. घरी येऊन मी किती दिवसांनी झोपले. अल-अनॉन म्हणून घरच्यांच्या मीटिंगा असतात त्यांतही हेच मिळतं. आणि पुण्याला जाणं जमेपर्यंत १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. तू स्वतःसाठी लाव. त्यांच्या संमतीची वाट बघू नकोस. मन फार खचलं तर टेली-मानसचा १४४१६ आहे.

काका तिथून आले तेव्हा सगळं संपलं असंही नाही. एका पोळ्याला पुन्हा घसरले. मी आकाशपाताळ एक केलं असतं, पण गटातल्या बायकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की स्लिप होते, पुन्हा उभं राहता येतं. पुन्हा नेलं. त्यानंतरचे काका तू पाहिलेस.

आता एक विचारते, मला खरं सांग. हात उचलतात का? तुझ्यावर किंवा छकुलीवर? उचलत असतील तर आजार बिजार नंतर. ११२ लाव, नाहीतर १८१, आणि सरळ इकडे ये. घरातल्या हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्यानं तुला त्या घरात राहायचाही हक्क दिलाय. आजारी माणसाची सेवा करायची म्हणजे मार खायचा असं कुठंही लिहिलेलं नाही. तुझं बँकेचं पुस्तक, आधार, छकुलीचा दाखला माझ्याकडे आणून ठेव. बचतगटाचे पैसे तुझ्याच नावावर राहू दे. आणि ती क्लासची नोकरी सोडायचा विचार मनात आणू नकोस, काय वाटेल ते झालं तरी.

फार बोलले का गं? पुडीचं ऐकल्यापासून मला रात्री झोप नाही. जावईबापूंना काही झालं तर, ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती अशी की त्यांना काही झालं तर तू स्वतःला जन्मभर गुन्हेगार समजशील. तेवढं तुझ्या वाट्याला येऊ द्यायचं नाही मला. आक्का गेली तेव्हा तुझा हात माझ्या हातात देऊन गेली, बोलता येत नव्हतं तिला. तू त्यांच्यासाठी एवढं करतेस ते प्रेमानंच करतेस. त्या प्रेमाला मी नावं ठेवत नाही. एकटीनं करतेस, त्यानं माझा जीव जळतो.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतेय. जावईबापूंना आधी सांगून ठेव, मी का येतेय तेही सांग, आता कुणापासून काही लपवायला नको. त्यांच्याशी मी बोलेन, रागावणार नाही, काकांची गोष्ट सांगेन. सोमवारी तिघं मिळून सिव्हिलला जाऊ, ते आले नाहीत तर आपण दोघी जाऊ. धपाट्यांचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन येतेय. छकुलीचा डबा, शाळा मी बघते. तू ते दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पोटभर जेव आणि दुपारी दार लावून झोप, कितीही वेळ झोप, मी उठवणार नाही.

तुझी,
मावशी