गावचं सांडपाणी : प्लँट बांधायचा की सांभाळायचा? (धामणगाव रेल्वे भागातल्या नवउद्योजकांसाठी)

व्हिडिओत सांडपाण्याच्या धंद्याबद्दल बोललो, त्यातले आकडे इथे शांतपणे बघू. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरणाला धामणगाव रेल्वेजवळचं २००० वस्तीचं गाव धरा. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १,१०,००० लिटर पाणी गावात येतं. त्यातलं साधारण ७० टक्के न्हाणी-मोरीतून परत नालीत जातं. झाले ७७,००० लिटर, रोजचे!

आता पैसा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. आपल्या गावाचे ५,६०,००० रुपये. आकडा मोठा वाटतो, पण नाल्या एका जागी आणण्यातच त्यातले किती जातील ते बघा. म्हणून बरीच गावं शोषखड्ड्याकडे वळतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून डास हटवले आणि ते काम राज्यभर गाजलं.

पण आपल्याकडची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून घट्ट. मे महिन्यात खड्ड्यात बादली ओतली की पाणी गडप होतं आणि लोक खूश होतात. अहो, ते भेगेत गेलं! चाचणी घ्यायची तर फूटभर खड्डा रात्रभर पाण्याने भरलेला ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. जेमतेम उतरली, तर तिथे खड्ड्याचं काम घेऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात तुमचं नाव खराब होईल.

अशा ठिकाणी पाणी जिरवण्याऐवजी शुद्ध करावं लागतं. याचं तंत्र आपल्या शेजारीच, नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलंय : फायटोरिड. आधी टाकीत गाळ बसतो. मग पाणी खडी भरलेल्या हौदातून हळूहळू सरकतं, वर कर्दळीसारखी झाडं असतात. मुळांशी आणि खडीवर वाढणारे जिवाणू घाण खातात. पाणी खडीच्या आतून जातं, वर साचत नाही, म्हणून डास होत नाहीत. उतार मिळाला तर वीजही जवळपास लागत नाही. मात्र हे नाव वापरून प्लँट बांधायचा तर नीरीचा परवाना लागतो, तो आधी बघा.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाने बांधकामाच्या मागे लागूच नये. तिथे जुने ठेकेदार बसलेत. त्यांचं बिल निघालं की प्लँटकडे कोण बघतं? जाळीत प्लास्टिक अडकतं, टाकी गाळाने भरते, तोच गाळ पुढे खडीत शिरतो. एकदा खडी तुंबली की ती उपसून धुवावी लागते, आणि तो खर्च ऐकून ग्रामपंचायत प्लँटच सोडून देते. तुमचा धंदा इथे आहे : वर्षाचं देखभाल कंत्राट.

समजा ८ गावं घेतली, दर गावाला महिना ६,००० रुपये. जमा ४८,०००. दोन माणसं, दिवसाला दोन गावं, म्हणजे आठवड्यातून ४ दिवस. ५०० रुपये रोजाने महिन्याची मजुरी १६,०००. पेट्रोल ५,०००, हातमोजे, गमबूट, जाळ्या, किरकोळ दुरुस्ती ४,०००. उरले २३,०००. (हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे रोज-भाव घाला.)

आता फसवा भाग. ग्रामपंचायतीचं बिल निधी आला की निघतं, मजूर मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे मागतो! त्यामुळे तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ७५,००० रुपये, हाताशी नसतील तर ८ नाही, ३ गावांपासून सुरुवात करा.

करारात दोन गोष्टी लिहूनच घ्या. टाकीतला गाळ उपसायचा खर्च वेगळा धरायचा, कारण ते काम दोन-तीन वर्षांतून एकदाच येतं आणि मोठं असतं. आणि बंद टाकीत माणूस उतरणार नाही, उपसा यंत्रानेच होईल. विषारी वायूने जीव जातो, आणि २०१३ च्या कायद्यानेही सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या आसपासच्या तीन गावांत जा, ग्रामसेवकांना भेटा आणि एवढंच विचारा, "साहेब, सांडपाण्याचं जे काम झालंय, ते आज कोण बघतं?" उत्तरं व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात देखभालीचं कोटेशन कसं बनवायचं ते करू.