प्रेक्षक कोठे पाहील?

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव होय. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. संभाजीराजांच्या भूमिकेत काशिनाथ घाणेकर प्रवेश करीत, तेव्हा नाट्यगृहातील साऱ्या नजरा त्यांच्याकडे वळत. प्रेक्षक अंधारात, नट उजेडात. आणि उजेड कोणावर पाडावयाचा, हे नाटक बसविणाऱ्याने आधीच ठरविलेले. चित्रपटाने तर ही सत्ता आणखी वाढविली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तेव्हापासून दिग्दर्शक दाखवील तेवढेच प्रेक्षकाने पाहावयाचे, अशी रीत पडली. पडद्याच्या चौकटीबाहेर काय आहे, ते कोणालाच दिसत नाही.

ही चौकटच पुसून टाकणारा चित्रपट आता तयार होऊ लागला आहे. त्याला आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा चित्रपट म्हणतात. प्रेक्षक डोळ्यांवर पेटीसारखा जाड चष्मा बांधतो. मान वळविली की चित्रही वळते. मागे पाहिले तर मागची बाजू दिसते. असे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला चहूबाजूंनी भिंगे असतात व निरनिराळ्या भिंगांतून आलेली चित्रे मागाहून एकमेकांस जोडतात. अशा कॅमेऱ्याला ‘मागची बाजू’ नसते. म्हणून चित्रण करणाऱ्या मंडळींना भिंतीआड किंवा झुडपात दडून बसावे लागते!

ही कल्पना अगदी कालची नव्हे. योगायोग असा, की १९६२ सालीच अमेरिकेत मॉर्टन हायलिग यांना ‘सेन्सोरामा’ या यंत्राचे पेटंट मिळाले. त्यापुढे बसून आत डोकावले, की चित्र दिसे, बैठक हादरे, वारा लागे आणि वासही येई. भांडवलाअभावी ते यंत्र मागे पडले. कल्पना मात्र टिकली.

२०१५ साली ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा असा चित्रपट प्रसिद्ध झाला. सिद्रा ही बारा वर्षांची मुलगी. युद्धामुळे सिरिया देश सोडून ती जॉर्डनमधील झातरी येथील निर्वासितांच्या छावणीत राहत होती. तिच्या खोलीत आपणच जाऊन बसलो आहोत, असे प्रेक्षकाला वाटते. पुढच्याच वर्षी आपल्याकडे खुशबू रांका यांनी याच पद्धतीने ‘राइट टू प्रे’ हा माहितीपट केला. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात प्रवेश मिळावा, म्हणून निघालेल्या स्त्रियांची ती हकीकत आहे. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे की भोवतालच्या गर्दीकडे, हे येथे प्रेक्षकच ठरवितो.

परंतु कॅमेरा कोठे ठेवावयाचा, हे अजूनही चित्रपट काढणाराच ठरवितो. तो दारात ठेवला तर एक हकीकत दिसते, दाराबाहेर ठेवला तर दुसरी. प्रेक्षक मात्र ‘मी स्वतः तेथे होतो’ असे म्हणू लागतो. साध्या चित्रपटात निदान चौकट दिसत असल्याने कोणीतरी आपल्याला हे दाखवीत आहे, याची आठवण राहते.

गोष्ट सांगणाऱ्याची अडचणही लहान नाही. रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे. १६३८ साली रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या फौजांनी बंगळूर घेतले. समजा, कबरीजवळ बसून एक आजोबा नातवाला त्या मोहिमेची गोष्ट सांगत आहेत, असा चित्रपट कोणी काढला. प्रेक्षक आजोबांकडे न पाहता मागच्या झाडावरच्या खारीकडेच पाहत बसला तर? त्याची मान कोण वळविणार? मग आजोबांच्या बाजूने काठीचा आवाज करावा, नातवाला तिकडे बघावयास लावावे, अशा युक्त्या योजाव्या लागतात. दृश्येही भराभर बदलून चालत नाही. प्रेक्षकाला घेरी येते.

कीर्तनकाराला ही अडचण जुनीच आहे. श्रोता पेंगू लागला की तो आवाज चढवितो, टाळ वाजवितो, मध्येच एखादी विनोदाची गोष्ट घालतो. कारण श्रोता त्याला समोर दिसत असतो. चष्म्याआडचा प्रेक्षक कोणालाच दिसत नाही. तो हसला तरी शेजाऱ्याला हसू येत नाही. या कलेची हीच बाजू सर्वांत लंगडी आहे. पुढे यंत्रच प्रेक्षकाची नजर ओळखून त्याप्रमाणे गोष्ट बदलील, असे प्रयत्न चालू आहेत. तसे झाले तर एका घरातील दोन भावंडांनी एकच चित्रपट पाहिला, असे तरी कसे म्हणावे?

रहिमतपूरचा तो चित्रपट पाहून अशी दोन भावंडे चष्मे काढतील.

“बंगळूरचे नाव घेताना आजोबा मध्येच थांबले, ते पाहिलेस?” असे थोरली विचारील.

“नाही, ताई,” धाकटा म्हणेल. “पण ती खार कोठवर चढली, ते सांगू?”