नऊशे वर्षांचा ग्रंथ आणि सोळा वर्षांची तबकडी

इ. स. १०८६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला विल्यम ह्याच्या आज्ञेने राज्यातील जमीनजुमला, गुरेढोरे आणि पाणचक्क्या ह्यांची गावोगाव मोजदाद झाली. ती चर्मपत्रांवर लॅटिन भाषेत लिहून काढण्यात आली. ह्या नोंदीच्या ग्रंथास ‘डूम्सडे बुक’ असे म्हणतात. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तो आजही सुरक्षित आहे. जुने हस्ताक्षर आणि लॅटिन जाणणारा मनुष्य तो अजूनही वाचू शकतो.

ह्या ग्रंथास नऊशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १९८६ मध्ये बीबीसी ह्या संस्थेने नव्या काळाची तशीच नोंद सिद्ध केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीस हातभार लावला. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. आपला गाव कसा आहे, तेथील दिवस कसा जातो, हे त्यांनी लिहून धाडले. हा मजकूर आणि छायाचित्रे दोन मोठ्या लेसर तबकड्यांवर साठविण्यात आली.

परंतु तबकडी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. तिला विशिष्ट यंत्र लागते, आणि त्या यंत्राला विशिष्ट संगणक. काही वर्षांतच दोन्ही मागे पडली. तबकड्या शाबूत असूनही त्यांतील मजकूर कायमचा मुका होण्याची वेळ आली. अखेर २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांतील संशोधकांनी, नव्या संगणकास जुन्यासारखे वागावयास लावणारी आज्ञावली रचली. तेव्हा तो मजकूर पुन्हा दिसू लागला. २०११ मध्ये मुलांचे लेखन संकेतस्थळावर आले. २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले. पण त्याची नक्कल राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवली होती, म्हणून ते लेखन बचावले.

संगणकीय माहिती एकदा ठेवून निश्चिंत होता येत नाही. तिच्या अनेक प्रती करून त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात, म्हणजे एका जागी आग लागली तरी दुसरी प्रत उरते. नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही, हे वेळोवेळी पडताळावे लागते. जुने साधन निकामी होण्यापूर्वी मजकूर नव्या साधनावर उतरवावा लागतो. चर्मपत्र टिकाऊ असते हे खरे; तथापि तो जुना ग्रंथही पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी जपला, म्हणूनच उरला. त्या मुलांचे लेखनही तितकीच जपणूक मागते.